जिंकेपर्यंत काही मागायचं नाही: ओसामू तेझुकाच्या युद्धकाळातल्या वह्या

1942 साल सरत आलं होतं. अमेरिकेशी युद्ध पुकारल्याला वर्ष होणार म्हणून जपानमध्ये घोषवाक्यांची स्पर्धा झाली आणि तिच्यातलं एक वाक्य देशभर भिंतीभिंतींवर गेलं: ‘जिंकेपर्यंत काही मागणार नाही.’ ते छापून आलं पाचवीतल्या एका मुलीच्या नावाने. खरं तर ते तिच्या वडिलांनी लिहून दिलं होतं, हे युद्ध संपल्यावर उघड झालं. मुलांनी काही मागू नये हे मोठ्यांनी ठरवलं आणि वदवून घेतलं मुलीच्या तोंडून. आघाडीमागच्या जपानमध्ये मूल असणं म्हणजे काय, हे मला इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा या एका वाक्याच्या जन्मकथेतून जास्त समजतं.

त्याच नोव्हेंबरात ओसाकाजवळच्या ताकाराझुका गावातला ओसामू तेझुका, पुढे जपानचा नावाजलेला चित्रकथाकार झालेला, 14 वर्षांचा झाला. त्याला पुष्कळ काही हवं होतं. कागद हवा होता, शाई हवी होती, चित्रं काढायला निवांत वेळ हवा होता. या तिन्ही गोष्टी त्या वर्षी युद्धाच्या नावे जमा झालेल्या होत्या. तरीही ऑगस्ट 1945 मध्ये युद्ध थांबलं तेव्हा त्याच्याजवळ हाताने काढलेल्या चित्रकथांची सुमारे 3,000 पानं साठली होती, असं तो पुढे सांगत असे. ही पानं झाली कशी, हाच या प्रकरणाचा प्रश्न.

एक गोष्ट आधीच सांगते. तेझुका हा जातिवंत गोष्टी सांगणारा माणूस. आपल्या युद्धकाळाबद्दल त्याने आयुष्यभर लिहिलं, चित्रं काढली, मुलाखती दिल्या, आणि अशा माणसाच्या हातून तपशील रंगतातच. त्यामुळे वह्या, डायरी आणि छापील नोंदी जिथे आहेत तिथे मी जास्त रेंगाळले आहे. बाकीचं त्याच्या सांगण्याप्रमाणे.

युद्धाआधीची शिदोरी

जन्म 3 नोव्हेंबर 1928, ओसाका प्रांतातल्या तोयोनाकाचा. तो पाच वर्षांचा असताना घर ताकाराझुकाला हललं. गरम पाण्याच्या झऱ्यांचं हे गाव एका खासगी रेल्वे कंपनीने प्रवासी मिळावेत म्हणून वाढवलं होतं, आणि त्याच कंपनीने तिथे 1914 पासून एक संगीत नाटक मंडळी चालवली होती. तिच्यात पुरुषांच्या भूमिकाही मुलीच करतात. आपल्या बालगंधर्वांच्या रंगभूमीचा नेमका उलटा प्रकार. तेझुकांच्या शेजारच्याच घरात या मंडळीतल्या नामांकित नट्या राहत. आई ओसामूला खेळांना घेऊन जाई. रोषणाई, भरजरी पोशाख, पुरुषी वेशातल्या मुली हे सगळं त्याच्या डोळ्यांत लहानपणीच जाऊन बसलं.

घरातही अशीच चैन होती. वडील हौशी. त्यांच्याकडे 9.5 मिलिमीटर फिल्मवर चालणारा पाथे कंपनीचा घरगुती प्रोजेक्टर होता. बैठकीच्या खोलीत चॅप्लिन आणि डिस्नेचे छोटे पट लागत. मिकी माऊस या मुलाने आधी घरच्या भिंतीवर नाचताना पाहिला. चित्रकथांची पुस्तकं विकत आणली जात आणि आई, फुमिको, ती पात्रागणिक आवाज बदलून वाचून दाखवी. त्या काळच्या सुखवस्तू घरांतही अशी पुस्तकं म्हणजे पोराला बिघडवण्याचं साधन मानली जात. इथे ती कपाटात मांडलेली होती.

शाळेत मात्र हाल. केस कुरळे, चष्मा जाड, अंग किरकोळ. पोरं गाणी रचून चिडवत. पण कपाटभर चित्रकथा असलेलं घर कोणाचं, हे कळल्यावर त्याच पोरांची पावलं तेझुकांच्या घराकडे वळू लागली. पाचवीच्या सुमारास त्याने काढलेली एक लांबलचक चित्रकथा वर्गात हातोहात फिरली, शिक्षकांनी ती जप्त केली आणि मग ती शिक्षकांच्या खोलीत फिरली. त्यानंतर शाळेत त्याच्या चित्रांना कोणी आडकाठी केली नाही. इतक्या लहान वयात त्याच्या हाती आलेली ही मोठी समज होती: आपल्या हातातलं पेन्सिलचं टोक दांडगटांनाही थांबवतं.

आणखी एक नाद होता, किड्यांचा. ताकाराझुकाच्या आसपासच्या टेकड्यांवर जाळं घेऊन फिरायचं, पकडलेला किडा टाचणीवर लावायचा आणि समोर ठेवून रंगवायचा. त्याने रंगवलेली भुंगेऱ्यांची चित्रवही आज उपलब्ध आहे आणि ती पाहताना हा शाळकरी पोराचा हात आहे यावर विश्वास बसत नाही. पंखांच्या टणक कवचावरच्या बारीक रेघा एकेक करून ओढलेल्या. पायांचे सांधे नेमके. कवचावर उजेड पडतो तिथली चमक रंग न लावता कागद तसाच सोडून साधलेली. एका लाल किड्यासाठी हवा तसा लाल मिळेना तेव्हा आपण बोट टोचून रक्त वापरलं, असं तो सांगायचा. भुंगेऱ्यांच्या एका कुळाला जपानीत ‘ओसामुशी’ म्हणतात. आपल्या नावाशी ते जुळतं हे लक्षात आल्यावर त्याने चित्रांखालच्या सहीत नावाला ‘किडा’ हे अक्षर जोडलं. तीच सही त्याने मरेपर्यंत केली.

हे इतक्या विस्ताराने लिहिलं, कारण पुढच्या चार वर्षांत याच शिदोरीवर त्याचं भागलं. नवं काही बघायला मिळणं जवळपास बंद होणार होतं.

बंद होत गेलेली दारं

मुलांच्या चित्रकथांवर सरकारची नजर अमेरिकेशी युद्ध पेटण्याच्या आधीच पडली होती. चीनमध्ये युद्ध 1937 पासून चालूच होतं. 1938 मध्ये गृहखात्याने मुलांच्या वाचनसाहित्याबद्दल सूचना काढल्या. थिल्लर आणि भडक मजकुराला चाप लावणं हा त्यांचा हेतू, पण त्यांच्या आडून चित्रकथांवरच आळा बसत गेला. सैन्यात भरती झालेल्या एका काळ्या कुत्र्याची अतिशय लोकप्रिय मालिका होती. तीही 1941 मध्ये अधिकाऱ्यांच्या दबावाखाली बंद पडली. कागदावर नियंत्रण आलं. मासिकं एकमेकांत विलीन झाली आणि बारीक होत गेली.

घरच्या ताटाचंही तेच. एप्रिल 1941 पासून मोठ्या शहरांत तांदळाचं रेशन सुरू झालं, मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 330 ग्रॅम. ऐकायला हे कमी वाटत नाही. पण सोबत डाळ, मासळी, भाजी, तेल काहीच पुरेसं नव्हतं, त्यामुळे पोट भरायचं ते भातानेच. पुढे त्या तांदळातही सोयाबीन आणि रताळी मिसळली जाऊ लागली आणि जुलै 1945 मध्ये ते माप आणखी दहा टक्क्यांनी घटलं. मोकळी जागा दिसेल तिथे लोकांनी भोपळ्याचे वेल चढवले. लोखंडी कुंपणं, देवळांतल्या घंटा वितळवायला गेल्या. रेशन मिळायचं ते गल्लीतल्या दहाएक घरांच्या गटामार्फत, आणि कोण काय बोलतं, कोण काय करतं यावरही त्याच गटाचं लक्ष असे.

मार्च 1944 मध्ये ताकाराझुकाचं मोठं नाट्यगृह सरकारी आदेशाने बंद झालं. शेवटच्या खेळांना लोकांची रीघ लागली होती. नंतर ती इमारत नौदलाने वैमानिक होऊ घातलेल्या पोरांच्या प्रशिक्षणासाठी घेतली. ओसामूच्या घराजवळचा झगमगाट असा विझला.

तो 1941 पासून ओसाकाच्या कितानो माध्यमिक शाळेत जात होता. शाळा नावाजलेली, पण कवायत आणि शस्त्रशिक्षण सगळ्यांना सक्तीचं आणि ते घ्यायला लष्करी अधिकारी नेमलेला. पाप्याचं पितर आणि वर चित्रकथा काढणारा, म्हणजे हा पोरगा त्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांत खुपणारच. त्याने मार खाल्ला, देशद्रोही म्हणून घेतलं. मात्र चित्रकलेच्या शिक्षकांनी त्याला सांभाळून घेतलं. ते त्याच्यासाठी अधिकाऱ्याशी भांडले नाहीत, फक्त त्याच्या हाताला अडवलं नाही. आपल्याकडे शिक्षकांच्या थोरवीच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी कोणीतरी कोणासाठी केलेलं मोठं काहीतरी शोधतो. इथे एका माणसाने काणाडोळा केला, आणि त्या दिवसांत तेवढं करायलाही छाती लागत होती.

1944 च्या उन्हाळ्यात त्याला अशक्त पोरांना ‘सुधारण्याच्या’ सक्तीच्या शिबिरात पाठवलं गेलं. अपुरं अन्न, दिवसभर कसरत, अंगावर घाण. तिथल्या जगण्यात त्वचेच्या बुरशीचा रोग दोन्ही हातांना असा जडला की हात कापावे लागतील की काय, इथपर्यंत गोष्ट आली. ओसाकाच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ते वाचवले. चित्रकाराचे हात. डॉक्टर व्हायची इच्छा आपल्या मनात तिथून आली असं तो सांगे.

संडासातलं प्रदर्शन

त्या सप्टेंबरपासून शाळा नावापुरती उरली. माध्यमिक शाळांतली मुलं सरसकट कारखान्यांत जुंपली जात होती. ओसामूच्या वाट्याला आला ओसाकातला लष्करासाठी छपराचे पत्रे बनवणारा कारखाना.

इथे त्याने जे केलं ते मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत जवळचं वाटतं. काढलेल्या चित्रकथा तो कारखान्याच्या संडासात भिंतीवर चिकटवून ठेवी. आत बसलेल्या माणसाला दोन मिनिटं कोणी बघत नसतं, आणि तेवढी दोन मिनिटं त्याच्यासमोर वाचायला काहीतरी असे. सबंध कारखान्यात पाळत नसलेली ती एकच जागा होती आणि ती या पोराने बरोबर हेरली.

स्वप्न जपणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटं पोर येतं, मेणबत्तीच्या उजेडात गुपचूप चित्र काढणारं. ओसामूने तसंही केलं असेल. पण त्याला वाचक हवे होते. चौथीपाचवीत वही वर्गात फिरली तेव्हापासून त्याला ती चटक होती. आपण काढलेलं चित्र बघून कोणीतरी हसतं, ते हसणं त्याला अन्नाइतकंच लागत होतं. लपवून ठेवलेल्या 3,000 पानांपेक्षा संडासातल्या त्या चार चिठोऱ्यांनी त्याला जास्त तगवलं असणार, असं माझं मत आहे.

12 एप्रिल 1945

13 मार्चच्या रात्री ओसाकावर पहिला मोठा हवाई हल्ला झाला. 274 बी-29 विमानांनी आगलावे बॉम्ब टाकले. लाकूड आणि कागदाची घरं, दाट वस्त्या; सुमारे चार हजार माणसं गेली आणि शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. दोतोन्बोरी हा नाटक-सिनेमांचा भागही जळाला. त्यातलं शोचिकुझा हे 1923 मध्ये बांधलेलं काँक्रीटचं थिएटर मात्र उभं राहिलं.

त्याच्या चार आठवड्यांनंतर, 12 एप्रिलला, तिथे एक नवा ॲनिमेशनपट लागला. मोमोतारो या जपानी लोककथेतल्या पीचमधून जन्मलेल्या मुलावर बेतलेला, मित्सुयो सेओ यांनी दिग्दर्शित केलेला, 74 मिनिटांचा. जपानमध्ये इतक्या लांबीचा ॲनिमेशनपट तोवर झाला नव्हता. पैसा नौदलाचा, हेतू उघड: माकड, अस्वल, ससा हे नौदलाचे सैनिक होऊन दक्षिणेकडच्या बेटावर पॅराशूटने उतरतात आणि गोऱ्या साहेबाला शरण आणतात. पोरांना भरतीची ओढ लागावी म्हणून केलेला चित्रपट. पण ज्यांच्यासाठी तो काढला ती मुलं शहरात होतीच कुठे? आधल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून प्राथमिक शाळेतली मुलं खेड्यांतल्या देवळांत आणि धर्मशाळांत हलवली गेली होती.

ओसामू मात्र 16 वर्षांचा, कारखान्यात कामाला, म्हणून शहरात. कितानोची चार वर्षं पुरी झालेली आणि पुढच्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत नुकताच नापास झालेला. तो पहिल्याच दिवशी गेला. जळक्या शहरातून चालत जाऊन, थंड आणि जवळजवळ रिकाम्या थिएटरात बसला.

त्याने काय पाहिलं? घरी परतलेले प्राणी-सैनिक, वाऱ्यावर तरंगत जाणाऱ्या म्हातारीच्या पांढऱ्या शेंड्या, त्यांच्याच मागोमाग उतरणारी पॅराशूटं. जंगलातल्या प्राण्यांना मुळाक्षरं शिकवताना सगळ्यांनी मिळून म्हटलेलं गाणं. युद्ध दाखवायला काढलेल्या चित्रपटात सेओंनी जागोजागी खेळकरपणा ठेवून दिला होता. ओसामूला तोच दिसला. डोळ्यांतून पाणी आलं आणि एक दिवस मीही ॲनिमेशनपट काढणार, असा निश्चय त्याने केला. त्याने त्या दिवसाची नोंद डायरीत केली आहे.

इथे थांबून एक अडचणीचं बोललं पाहिजे. या मुलाच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं कलादर्शन नौदलाच्या पैशातून आलं. ज्या सरकारने चित्रकथा दडपल्या, पोरांना उपाशी ठेवून पत्रे करायला लावले, त्याच सरकारने त्याला हा चित्रपटही दाखवला. चित्रपटातले सैनिक ज्या बेटावर उतरतात तिथल्या खऱ्या माणसांवर जपानी लष्कराने काय वेळ आणली हे त्यात औषधालाही नाही. 16 वर्षांच्या पोराने त्यातली म्हातारीची शेंडी तेवढी उचलली आणि बंदूक सोडून दिली, असं म्हणायचा मोह होतो. पण तसं मानायला त्याच महिन्यांतली त्याची स्वतःची वही आडवी येते.

मिकी विमानातून गोळ्या झाडतो

1945 मध्येच त्याने काढलेल्या एका चित्रकथेचं शीर्षक आहे ‘विजयाच्या दिवसापर्यंत’. शीर्षक अगदी सरकारी. आतमध्ये जपानी चित्रकथांतली ओळखीची पात्रं हवाई हल्ल्याला तोंड देत आहेत, आणि समोर शत्रू म्हणून अमेरिकन चित्रकथांतली पात्रं. मिकी माऊस लढाऊ विमानात बसलेला. ज्याला ओसामूने वडिलांच्या प्रोजेक्टरवर नाचताना पाहिलं तो मिकी.

एका प्रसंगात विमानातून मिकी गोळ्या झाडतो आणि खालच्या मुलाला त्या लागतात. मुलगा काढलेला आहे साध्या गोल रेषांत, रबरी अंगाचा, जशी त्या काळच्या व्यंगचित्रांतली मुलं असत. असं पात्र कड्यावरून पडलं तर उठून उभं राहायचं, अंगावरून गाडी गेली तर चपटं होऊन पुन्हा फुगायचं. हा मुलगा तसा उठत नाही. त्याच्या अंगातून रक्त येतं. समीक्षक ओत्सुका एइजी यांनी या चौकटीकडे लक्ष वेधलं आणि युद्धोत्तर जपानी चित्रकथेचा उगम तिच्यात शोधला: खोट्या, न मरणाऱ्या रेषेला इथे पहिल्यांदा मरणारं शरीर मिळालं. मला हे म्हणणं पटतं. त्या पोराने सिद्धांत मांडायला हे केलं नव्हतं. विमानातून माणसांवर गोळ्या झाडल्या की काय होतं हे त्याच्या शहराला ठाऊक झालं होतं, आणि त्याला जी एकच रेषा काढता येत होती तिच्यात त्याने ते काढलं.

म्हणून ही वही निरागस नाही. तिच्यात सरकारी घोषणा आहे, शत्रूचा राग आहे, मिकीवरचं प्रेमही आहे, कारण मिकी इतका सफाईने काढायला तो मनापासून आवडावा लागतो. मूल युद्धाच्या बाहेर बसून चित्रं काढत नसतं.

जून

जूनमध्ये ओसाकावर एकापाठोपाठ एक हल्ले झाले. त्यातल्या एका दिवशी ओसामू कारखान्याच्या टेहळणीच्या मनोऱ्यावर होता. विमानं दिसली की खबर द्यायची, हे काम. आगलावे बॉम्ब थेट त्याच्या डोक्यावरून कोसळले. तो कसाबसा वाचला. खाली उतरून योदो नदीच्या दिशेने गेला तेव्हा वाटेत आणि नदीकाठी जे पडलं होतं त्याचं वर्णन त्याने पुढे अनेकदा केलं: जळालेली माणसं, एकमेकांवर.

त्या दिवसानंतर तो कारखान्यात गेला नाही.

घरी बसून चित्रकथा काढू लागला. हे वाक्य लिहायला सोपं आहे. युद्धकामावर न जाणं हा गुन्हा होता आणि गल्लीचा गट सगळं पाहत होता. घरच्यांनी त्याला हाकलून परत पाठवलं नाही. जुलैमध्ये ओसाका विद्यापीठाला जोडलेल्या वैद्यकीय विभागात त्याला प्रवेश मिळाला. तिथे लष्कराची निकड भागवायला कमी मुदतीत डॉक्टर तयार करत. 24 जुलैला ताकाराझुकातला विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. तेझुकांचं घर वाचलं आणि वह्याही वाचल्या.

त्याचं श्रेय त्याच्या जिद्दीला देता येत नाही. ओसाका शहरात हवाई हल्ल्यांत दहा हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांत चित्रं काढणारी पोरं असणार, गाणारी, बासरी वाजवणारी पोरं असणार. त्यांची घरं शहराच्या मधोमध होती. तेझुकांचं टेकड्यांच्या पायथ्याशी. मेलेल्या त्या पोरांच्या घरी प्रोजेक्टर नव्हता. असला तर तो जळाला. ‘खरी आवड असेल तर ती कुठल्याही परिस्थितीत टिकते’ हे वाक्य आपल्याकडे पालकसभांतून सर्रास ऐकू येतं. ओसामूच्या हकिगतीतून मला तरी त्याला आधार सापडत नाही. युद्धाआधीची दहा वर्षं भरून मिळालेलं घर, काणाडोळा करणारे एक-दोन शिक्षक, हात वाचवणारे डॉक्टर, जळून न गेलेलं थिएटर, घरी राहू देणारी आई आणि बॉम्ब चार हात पलीकडे पडणं: यातलं एक जरी वजा केलं तरी ती पानं उरत नाहीत. त्याची स्वतःची चिकाटी अफाट होती. ती लागू पडायला हे सगळं जागेवर असावं लागलं.

नंतर

15 ऑगस्टला सम्राटाचं शरणागतीचं भाषण रेडिओवर झालं. त्या रात्री ओसाकात हानक्यू या मोठ्या दुकानाच्या इमारतीत दिवे लागलेले त्याने पाहिले. कित्येक महिन्यांच्या ब्लॅकआउटनंतर झुंबर उजळलं होतं. जिवंत आहोत आणि आता चित्रकथा काढता येतील, असं त्याला वाटलं.

भूक मात्र संपली नाही. 1945-46 चा हिवाळा अन्नाच्या बाबतीत युद्धाइतकाच वाईट गेला. शहरात अमेरिकन सैनिक आले. त्यातल्या एका झिंगलेल्याने, बोलणं कळेना म्हणून, त्याला रस्त्यात मारलं. माणसांना एकमेकांचं न कळणं हा त्याच्या पुढच्या कितीतरी कथांचा गाभा झाला, आणि तो स्वतः त्याचं मूळ या प्रसंगात सांगत असे.

4 जानेवारी 1946 ला एका मुलांच्या वर्तमानपत्रात त्याची चार चौकटींची मालिका सुरू झाली. वय 17. पुढच्या वर्षी ओसाकातच त्याचं लांब चित्रकथेचं पुस्तक निघालं, हलक्या कागदावर, भडक लाल मुखपृष्ठांच्या त्या स्वस्त पुस्तकांपैकी जी खाऊच्या दुकानांतून विकली जात. त्याच्या चार लाख प्रती खपल्या असं सांगितलं जातं. आकडा कमी-जास्त असेल, पण ज्या मुलांना चार वर्षं काही मागायला बंदी होती ती आता मागत होती एवढं नक्की.

शिकणं आणि चित्रं काढणं दोन्ही सांभाळताना ओढाताण झाली तेव्हा त्याने आईला विचारलं, काय करू? आईने उलट विचारलं, तुला जास्त काय आवडतं? चित्रकथा, म्हणाल्यावर ती म्हणाली, मग तोक्योला जा आणि तेच कर. त्याने वैद्यकीय शिक्षणही पूर्ण केलं, डॉक्टरकीची परीक्षाही दिली, आणि गेला तोक्योला. 1970 च्या दशकात त्याने बुद्धाच्या चरित्रावर काढलेली दीर्घ चित्रकथा आपल्याकडेही इंग्रजीतून बऱ्याच जणांनी वाचली असेल.

शोचिकुझातल्या त्या निश्चयाचं काय झालं? स्वतःचा स्टुडिओ उभारून तेझुकांनी 1 जानेवारी 1963 रोजी यंत्रमानव मुलाची, अ‍ॅटमची, साप्ताहिक ॲनिमेशन मालिका दूरदर्शन संचांवर आणली. जपानमध्ये अर्ध्या तासाची अशी मालिका पहिल्यांदाच होत होती. दर आठवड्याला एक भाग काढायचा म्हणून चित्रांची संख्या कमी केली, तीच तीच चित्रं पुन्हा वापरली, आणि वाहिनीने मालिका घ्यावी म्हणून ती खर्चाहून कमी किमतीला विकली. रात्ररात्र जागून ती चित्रं काढली स्टुडिओतल्या तरुण मुलामुलींनी. जपानी ॲनिमेशनमधल्या तुटपुंज्या मेहनतान्याचं मूळ या सौद्यात आहे असं कित्येक जण म्हणतात, आणि सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारू नये असं म्हणणारेही आहेत. 1973 मध्ये तो स्टुडिओ दिवाळखोरीत गेला. तेझुका त्याआधीच त्याच्या प्रमुखपदावरून दूर झाले होते.